शनिवारच्या शर्यतीतला केव्हिन

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. तुम्ही होतात तेव्हा एक ओळ लिहिली नाही, आणि आता पत्र लिहायला बसलोय. बसावंच लागलं, कारण काल फैझलची मेल आली.

फैझल म्हणजे आपली कॉम्प्युटरवरच्या स्टॉक कार शर्यतींची लीग चालवणारा, पुलापलीकडच्या जोहोर शहरातला फैझल. तुम्हाला 'अंकल' म्हणायचा तो. नव्या सीझनची पहिली शनिवारची शर्यत तुमच्या आठवणीत ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलंय. मला म्हणतो, अंकलबद्दल चार ओळी लिहून दे. विशेषतः त्या दुसऱ्या नंबरच्या शर्यतीबद्दल लिही. आणि खाली एक ओळ: 'तो केव्हिन कुठे सापडला तर त्यालाही बोलव. अंकलना किती आनंद झाला असता!'

सकाळपासून मी त्या चार ओळी लिहितोय. एकही होत नाही. आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय त्या व्हायच्याच नाहीत.

तुम्ही इकडे परदेशात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर आलात तेव्हा आई जाऊन चार महिने झाले होते. मी आणि तुमची सूनबाई मानसी सकाळी आठला बाहेर पडायचो, ते संध्याकाळी सातला घरी. दिवसभर तुम्ही खिडकीत बसून खालच्या बसस्टॉपवरच्या बस बघायचात. मी आलो की पहिलं वाक्य काय? "नऊशेतेरा नंबरचा ड्रायव्हर लई घाई करतो रे." तेहेतीस वर्षं साखर कारखान्याची बस चालवलेला माणूस! एकदा गाडीला ओरखडा नाही. मला त्या वाक्याचं हसू यायचं. तुम्हाला किती एकटं वाटत असेल हे तेव्हा का नाही डोक्यात आलं?

रविवारी सकाळी केबलवर अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती दाखवायचे. पहिल्यांदा तुम्ही दहा मिनिटं त्या लंबगोल ट्रॅकवर डावीकडेच वळत राहणाऱ्या गाड्या बघितल्यात. मग म्हणालात, "आरं, ह्यांना उजवीकडं वळायला बंदी हाय का?" मानसी हसून हसून बेजार झाली. पण तिसऱ्या रविवारी तुम्हाला माझ्याहून जास्त दिसायला लागलं होतं. "ह्यानं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला बघ," तुम्ही म्हणायचात, आणि खरंच पुढच्या वळणावर ती गाडी मागे पडायची.

मग मी माझं गेमचं जुनं स्टिअरिंग तुमच्यासाठी डायनिंग टेबलाला आवळून दिलं. पेडल सरकू नयेत म्हणून मागे तांदळाची पिशवी लावली. तुम्ही चपला काढल्यात, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केलात आणि मगच बसलात. दसऱ्याला तर सेरंगून रोडवरून झेंडूची माळ आणून घातलीत त्याला! आणि मी काय केलं? तुमचा फोटो काढून ऑफिसात दाखवला. लोक हसले. मीही हसलो.

लीगमध्ये दोन गट होते. खालच्या गटाची शर्यत शनिवारी चार वाजता, वरच्या गटाची रविवारी चार वाजता. जोहोर, मनिला, पर्थ, आपापल्या घरी स्टिअरिंग लावून बसलेली वीस-पंचवीस माणसं आणि एकच ट्रॅक. मी वरच्या गटात, तुम्ही खालच्या. तुम्ही पहिल्या शर्यतीत अठरावे आलात. मग चौदावे. मग अकरावे. कुणाला धडकायचं नाही, कुणाला दाबायचं नाही, आणि मागून कुणी जोरात आला की त्याला साइड द्यायची. मी किती समजावलं! "अण्णा, ही शर्यत आहे, इथे साइड देत नाहीत." तुम्ही म्हणायचात, "घाटात दिली न्हाई तर मानसं मरतात. हात तसाच वळतो रं, काय करू?"

तुम्हाला तो वाद आठवतो का? तिकडे अमेरिकेतही शनिवारी खालच्या मालिकेची शर्यत असते आणि रविवारी मोठ्यांची. टीव्हीवर ती शनिवारची चालू होती आणि पहिल्या पाचात चार गाड्या रविवारच्या मोठ्या ड्रायव्हरांच्या. तुम्ही चिडलात. "हे हितं कशाला आल्यात? ह्यांना रविवार पुरत न्हाई?" मी माझं ज्ञान पाजळलं. त्यांना त्याच ट्रॅकवर जास्त फेऱ्या मिळतात, दुसऱ्या दिवशी उपयोग होतो. मोठी नावं आली की गर्दी जमते. शिवाय खालच्यांना त्यांच्याकडून शिकायला मिळतं.

"शिकायला मिळतं, ते खरं," तुम्ही म्हणालात. "पन मग बक्षीस तरी सोडून द्यायचं की! दहावीच्या पोरानं चौथीच्या स्कॉलरशिपला बसायचं आणि वर पहिला नंबर न्यायचा, ही काय रीत झाली?"

मी मान डोलावली होती. हे मला नीट आठवतं.

आता खरं सांगतो. रविवारच्या गटात माझी पार वाट लागली होती. विसावा, बाविसावा, एकदा तर तिसऱ्याच फेरीत भिंतीवर. ऑफिसातही नवा मॅनेजर येऊन माझ्या डोक्यावर बसला होता. मला कुठेतरी एकदा जिंकायचं होतं, अण्णा. आमच्या लीगच्या नियमात वरच्या गटातल्याला शनिवारी उतरायला परवानगी होती, फक्त स्वतःच्या नावाने. खोटं नाव घेतलं तर शर्यत बाद आणि पुढचा पूर्ण सीझन बाहेर. मी खोटं नाव घेतलं. स्वतःच्या नावाने उतरलो असतो तर वरच्या गटातले हसले असते. पण त्याहून मोठी भीती तुमची होती. यादीत माझं नाव दिसलं असतं तर तुम्ही टेबलापाशी बसल्या बसल्या माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत.

केव्हिन मी होतो.

त्या शनिवारी मी बेडरूमचं दार लोटून घेतलं. "ऑफिसचं काम आहे, दोन तास हाक मारू नका," म्हटलं. तुम्ही टीव्हीचा आवाजसुद्धा बंद केलात, मला त्रास नको म्हणून!

चाळीस फेऱ्यांची शर्यत होती. पस्तिसाव्या फेरीला पुढे एकच गाडी उरली. निळ्या-पांढऱ्या रंगाची, तुमच्या कारखान्याच्या बससारखी रंगवलेली. ती मीच रंगवून दिली होती तुम्हाला. दाराबाहेरून तुमचा आवाज येत होता. "चल बाई, चल. अजून पाच. चल गं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही पुढे होतात आणि तुमच्या मागे मी होतो.

मानसी चहा घेऊन आत आली. तिने स्क्रीन बघितला, गाडी ओळखली, माझ्याकडे बघितलं. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

मला हरवणं अवघड नव्हतं तुम्हाला. वळणावर आतली वाट धरून ठेवली असतीत तर मी जन्मात पुढे गेलो नसतो. पण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या पर्थच्या नि मनिलाच्या लोकांना माहीत नव्हती. शेवटच्या वळणावर मी आतून गाडीचं नाक घातलं. आणि तुम्ही साइड दिलीत.

मी जिंकलो. दाराबाहेर "आर्रर्र!" ऐकू आलं, आणि पाठोपाठ तुमच्या टाळ्या. तुम्ही केव्हिनसाठी टाळ्या वाजवत होतात, अण्णा!

मी घाईघाईने स्क्रीन बंद केला, तोवर तुम्ही आत. चेहरा असा फुललेला की मी तसा तो आई गेल्यानंतर बघितलाच नव्हता. "सुन्या, दुसरा आलो! एक पोरगं भेटलं आज. काय हाणतंय गाडी! पाच फेऱ्या मागं होतं माज्या, पन एकदा धक्का लावला न्हाई." मी म्हणालो, "अरे वा!" तेवढंच. मानसी कप उचलून निघून गेली. तुम्ही साताऱ्याला काकांना फोन लावून वीस मिनिटं वळणं समजावून सांगत होतात. दुसऱ्या दिवशी लिटिल इंडियात जाऊन पेढे आणलेत. दुसऱ्या नंबरचे पेढे! मी दोन खाल्ले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पेढ्याचा घास तोंडात असताना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तोवर फैझलने लीगच्या पानावर लिहून टाकलं होतं, नवा केव्हिन फार चांगला आहे म्हणून. आणि सांगितलं असतं तर रविवारच्या गटातून मी सीझनभर बाहेर. त्या विसाव्या नंबरासाठी मी तोंड उघडलं नाही. किती क्षुल्लक गोष्ट होती ती! आज लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या शनिवारी तुम्ही यादी उघडलीत. "केव्हिन न्हाई आला." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग तुम्ही फैझलला विचारायला लावलंत. मी तुमच्यासमोर बसून फैझलला मेल टाइप केली, 'केव्हिन कुठे आहे?' आणि पाठवली. काय वाटलं मला, विचारू नका. एक दिवस तुम्ही जेवताना म्हणालात, "त्या पोराला काय झालं तर न्हाई ना रे? सहज चौकशी कर. घरी कुनी आजारी असंल." मी म्हणालो, "बिझी असेल, अण्णा." मानसी ताटावरून उठून गेली. तुम्ही विचारलंत, "हिला काय झालं?"

त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी पहिल्या पाचात आला नाहीत. आणि तुमचा इथे राहायचा व्हिजिट पास संपला. एअरपोर्टवर पाया पडलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, फोनवर सांगू. फोनवर तोंड दिसत नाही, सोपं जाईल. दर रविवारी फोन करत होतो आणि दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत होतो. शेवटच्या फोनला तुम्ही विचारलंत, "केव्हिन आला का रं परत?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. पाच दिवसांनी काकांचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर परत येताना विमानात मानसी त्या शर्यतीबद्दल पहिल्यांदा बोलली. "मला वाटलं होतं, शेवटच्या वळणावर तू पाय उचलशील. म्हणून उभी राहिले होते." मी विचारलं, तू अण्णांना का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "ते काही बोलले नसते. नुसते खेळायचे थांबले असते. मग दिवसभर परत त्या खिडकीत."

तर आता फैझलला लिहायच्या चार ओळी मला सापडल्यात. केव्हिन मीच होतो, हे लिहिलंय. नियमाप्रमाणे माझी ती शर्यत बाद होईल आणि मी सीझनभर बाहेर राहीन. मग तुमचा नंबर पहिला लागेल. हे लिहिताना क्षणभर बरं वाटलं, कर्ज फिटल्यासारखं. पण तुम्ही काय म्हणाला असतात, तेही लगेच ऐकू आलं. "एकदा दिलेली साइड परत घेतात व्हय रे?"

खरंच, पहिला नंबर तुम्ही मागितलाच कधी होता? तुम्हाला फक्त तो पोरगा पुन्हा एकदा भेटायला हवा होता. त्याच्याशी अजून एकदा पाच फेऱ्या खेळायच्या होत्या. दर शनिवारी तुम्ही यादीत त्याचं नाव शोधत होतात, आणि तो शेजारच्या खोलीत होता. तुमच्या हातात चहाचा कप आणून देत होता. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, "अण्णा, चला, अजून एक होऊ दे." तुम्ही शिव्या घातल्या असत्यात आणि लगेच चपला काढून बसला असतात. हे मला आता कळतंय. ते शनिवार मला कुणीही परत देणार नाही.

मेल मी हे पत्र संपल्यावर लगेच पाठवतोय. मानसी शेजारी बसलीय, तिला वाचून दाखवली. तुमच्या शर्यतीच्या दिवशी मी गाडी चालवणार नाही. सगळे जमले की सुरू व्हायच्या आधी, फैझलसमोर आणि सगळ्यांसमोर, तोंडाने सांगेन. आणि अण्णा, एक वचन देतो. यापुढे कुठेही उतरेन तो माझ्याच नावाने उतरेन. हरायची वेळ आली तर हरेनही माझ्याच नावाने.

तुमचा,
सुन्या