ताटलीतला कमी भरलेला बर्फ

बाबा, फ्रीजरमधले बर्फाचे खडे पुन्हा लहान झालेत. महिनाभर पुण्याला जाऊन आलो की आखातातल्या अल नहदाच्या या घरात दर वर्षी हेच होतं. दार बंद, वीज चालू, कुठे थेंबभर पाणी नाही, आणि खडे मात्र आक्रसलेले. हवेत जायला बर्फाला आधी पाणी व्हावं लागतंच असं नाही, हे तुम्ही मला दहाव्या वर्षी शिकवलंत. शाळेत बाईंना ते ऐकवून मी तासभर वर्गाबाहेर उभी राहिले होते.

तो हिवाळा आठवतो. हिमाचलात डोंगरावर तुमचं निरीक्षण केंद्र, आपली एकच खोली, लाकडाची शेगडी, आणि आईने जिवापाड सांभाळलेली कोकम आगळाची बाटली. संध्याकाळी तुम्ही पत्र्याची खोलगट ताटली बर्फाने भरता, तोलता आणि बाहेरच्या बर्फात काठापर्यंत बसवता. सकाळी तळ पुसून पुन्हा तोलता. जेवढं वजन कमी, तेवढा बर्फ हवेने नेला. ताटलीला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा नुसतं वाकून पाहिलं तर केवढ्याने ओरडला होतात.

आणि एका सकाळी, तुम्ही दाढी करत असताना, मी त्याच ताटलीतल्या बर्फाचा गोळा केला. बाकीचा सगळा बुटांनी तुडवलेला, राखेने मळलेला. तुमचा तेवढा स्वच्छ. वर आगळ आणि साखर. खड्डा चमच्याने सारखा केला. तुम्ही ताटली दोनदा तोललीत. "वारा बेताचा, थेंब नाही... अगं, बघ तरी हवेने किती नेलाय!" अशी आईला हाक मारलीत. तुम्हाला इतकं आनंदात मी कधी पाहिलंच नव्हतं. मग सांगायचं कसं? त्या आकड्याखाली तुम्ही तांबड्या शाईने दोन रेघा मारल्यात. ऑफिसातले लोक हसले, तरी शेवटपर्यंत तोच आकडा पुढे करत राहिलात.

गेल्या महिन्यात एका संशोधक बाईंचा मेल आला. अशा जुन्या नोंदी त्या गोळा करतायत. मी तुमची वही स्कॅन करून पाठवली. वही फार मोलाची, त्यातही ती तांबड्या रेघांची नोंद, असं त्यांनी कळवलं. फक्त एक विचारलंय: ताटल्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता ना? शंका असलेली वही त्या पूर्ण बाजूला ठेवतात.

"एका आकड्याने काय होतंय? नो म्हणून रिप्लाय कर, खलास," हे म्हणतात. "जस्ट टेल देम, आई," लेक मोबाईलमधून मान वर न करता म्हणते. खरं सांगितलं तर तुमचे सगळे हिवाळे जातात. नाही सांगितलं तर माझा गोळा तुमच्या नावावर राहतो. मी किती खाल्ला असेल ते काढायला फ्रीजरमधला बर्फ खरवडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दर वेळी वेगळंच वजन, आणि बघता बघता नुसतं पाणी. ओट्याशी उभी राहून रडले.

मेल अर्धवट पडलाय. हे पत्र तर कुठे टाकणार? तुम्ही विचारलं असतंत तर मी लगेच कबूल केलं असतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही विचारलं होतंत, बाबा. "ओठ एवढे लाल कशाने गं?" मी म्हटलं, थंडीने. आणि तुम्ही गळ्यातला मफलर काढून माझ्या तोंडाभोवती गुंडाळलात.