डार्सीचं शिफारसपत्र

प्रिय डार्सी,

परवा फोनवर तू एवढंच म्हणालीस, "मिसेस स्टिडम, सोमवारी लेक्सिंग्टनच्या विद्यापीठात जाऊन नाव घालते. सगळी केमिस्ट्री पहिल्यापासून." आणि मी जी भडकले, ती अजून धुमसतेच आहे. मेडिकल कॉलेजनं तुला प्रतीक्षायादीत ठेवलं आणि तू त्यांच्या माहितीपत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलंस: चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले विषय अधिक पसंत. पसंत! हे काय पडद्याचं कापड आहे? आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजात मीठ पाण्यात वेगळं विरघळतं का? खाणी बंद पडलेल्या या डोंगरात मी सव्वीस वर्षं तीच केमिस्ट्री शिकवतेय, जी त्यांच्या प्राध्यापकांना येते.

तुझ्या वडिलांची चेष्टा आठवते? "टायरच्या दुकानाशेजारी शिकतेस पोरी, पंक्चर काढणारी डॉक्टर होशील!" असं म्हणत हॉलिस प्रत्येक परीक्षेला तुला ट्रकमधून सोडायला यायचे आणि पेपर संपेपर्यंत, खाणीच्या धुळीनं निकामी झालेल्या छातीनं, खाली धापा टाकत बसायचे. तू रात्रभर अँब्युलन्सवर काम करून, गणवेशातच प्रयोगशाळेत यायचीस. एकदा फिकट गुलाबी रंगावर थांबायचं होतं; बाकी सगळ्यांच्या द्रावणाला गडद गुलाबी रंग आला, तुझा हवा त्यापेक्षा जरासाच जास्त होता. मी म्हटलं, "चालेल गं, जवळपास आहे." तू ते ओतून दिलंस, चारदा पुन्हा केलंस आणि मला सुनावलंस, "अँब्युलन्समध्ये जवळपास चालत नाही, मॅम." त्या दिवशी मी माघार घेतली. माझ्या आयुष्यात असे दिवस फार नाहीत.

मग तू विद्यापीठात जाऊन बायोकेमिस्ट्री केलीस आणि पहिल्या श्रेणीत आलीस. आपल्याकडे घातलेला पाया कच्चा असता, तर वरचा मजला उभा राहिला असता का? हेच ठणकावून सांगायला काल मी मेडिकल कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला फोन केला.

आता जे लिहायचं ते लिहिते. अर्ज करताना माझं शिफारसपत्र वाचण्याचा हक्क तू सोडून दिलास. सगळेच सोडतात, लिहिणाऱ्याला मोकळेपणानं लिहिता यावं म्हणून. त्यामुळे त्यात काय होतं, ते तुला कधीच कळलं नसतं. फोनवरच्या बाईंनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं, मॅडम? तुमच्यासारख्या कॉलेजांतून आमच्याकडे दरवर्षी मुलं येतात. पुढचा अवघड विषय तिनं विद्यापीठात चांगला केलाय, आम्हाला तेवढं पुरतं. पण तुमचं पत्र काढून बघा. दोन पानं कॉलेजवरच्या अन्यायाबद्दल, मुलीबद्दल तीन ओळी. आम्ही प्रवेश कुणाला द्यायचा, कॉलेजला?" डार्सी, मी प्रत काढून वाचली. तीनच ओळी आहेत. सव्वीस वर्षांचा राग मी तुझ्या पाकिटात भरून पाठवला होता. शुक्रवारपर्यंत नवं पत्र घ्यायला त्या तयार झाल्या, ते आज सकाळी गेलं. एकच पान आहे, आणि त्यात मी कुणाशीही भांडलेली नाही. प्रवेश मिळेलच असं वचन देत नाही. पण तुझ्या केमिस्ट्रीत काही खोट नाही, सोमवारी लेक्सिंग्टनला जाऊ नकोस. माझ्यावर हवं तितकं रागाव.

तुझीच, या वेळी खाली मान घातलेली,
विल्मा स्टिडम