ओदालिसच्या हातची सुई

आई, आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच.

ग्वायाकिलला मी मजेत आहे. आम्हा नर्सना डायलिसिसची सुई आता सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघत टोचायला शिकवतात. सराव कोंबडीच्या मांसात खुपसलेल्या रबरी नळीवर. माझी नजर सवयीने हाताकडेच जाते, नि सुई नळीच्या आरपार! ओदालिस, कालची पोर, पहिल्या फटक्यात टोचते.

आमचे जुने पेशंट एवारिस्तोकाका इतकी वर्षं माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हते. काल म्हणाले, "पोरी, तू राहू दे. त्या पडद्यावालीला पाठव." तळपायाची आग मस्तकात गेली!

ओदालिसची बदली आपल्या गावी, सारुमाला झालीय. सुईसाठी ऑपरेशन करून शीर तयार केलेला तुझा हात जपतेस ना? डायलिसिस सुरू झालं की हट्टाने ओदालिसलाच माग.

फक्त मला खोटंच कळव, की थोडं दुखलं.

तुझीच,
नेल्वा