तिसगावच्या पारावर कोणी बोलत नाही

४ नोव्हेंबर २०२५
पारावर परत लॉटरीच्या जाहिराती! एका दिवसात दोनशे. वैतागून नियमच लावला — बाहेरगावच्या पारांवरून आलेलं आधी थांबेल, मी मंजूर करीन, मगच दिसेल. बसा बोंबलत!

दुकानात एक गिऱ्हाईक विचारत होतं, हा तुमचा पार म्हणजे काय? म्हटलं, गप्पांची साइट. प्रत्येक गावाचा पार आपापल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर — तिसगावचा माझ्या, कोल्हारचा अझहरच्या. इथं लिहिलेलं तिथं वाचायचं, तिथून उत्तर द्यायचं. "मग व्हॉट्सॲप काय वाईट हाय?" म्हणाला.

७ नोव्हेंबर
पारावर विचारलं — हुलग्याच्या पिठाचे वळलेले शेंगोळे पाण्यात शिजताना फुटतात. आईचे कधी फुटले नाहीत. माझं काय चुकतंय? आता तिला विचारता येत नाही.
लिहिताना रडू आलं. शेंगोळ्यांसाठी! कमाल आहे माझी.

१० नोव्हेंबर
उत्तर नाही.

१२ नोव्हेंबर
तक्रारपेटी थेट माझ्या मेलवर येते. आज कोल्हारचे कोणी बाबाजान: "मी उत्तर लिव्हतो, तुमच्या पारावर उमटत न्हाई. बगा जरा." बघितलं. माझ्याकडे सगळं व्यवस्थित. नाचता येईना, अंगण वाकडं! 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून तक्रार बंद केली.

२० नोव्हेंबर
बाजार. सतरा मोबाईल दुरुस्तीला. एक आजोबा फडक्यात बांधलेला डबा घेऊन दुकानासमोर तासभर उभे. काय पाहिजे, विचारायलाही फुरसत नाही.

२३ नोव्हेंबर
अझहरचा फोन. "निकिताताई, बाबाजानचाचा रोज लिहितात. आमच्याकडे दिसतंय." म्हटलं, मग तुझ्याच मशीनमधून पुढं येत नसेल! "एकदा आमच्या पारावर येऊन तर बघा." मी कशाला जाऊ? माझ्या प्रश्नाकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांच्या दारात? फोन ठेवला. गिऱ्हाइकं सोडून दिवसभरात तेवढंच बोलणं झालं, तेही भांडण.

२७ नोव्हेंबर
बाजार. तेच आजोबा, तोच डबा. "आजोबा, गिऱ्हाइकांची वाट सोडा." "व्हय, व्हय," म्हणत सरकले.

४ डिसेंबर
बाजार. आज आजोबा नाहीत. मला कशाला आठवावेत?
शेंगोळे केले. फुटले. पिठाची आमटी झाली, एकटीनं खाल्ली. ठरलं — पार बंद करायचा. महिन्यात एक माणूस बोललं नाही. आई गेल्यावर वाटलं होतं, कोणी तरी 'ओ' देईल. नाही देत कोणी.

५ डिसेंबर
बंद करण्याआधी सगळं उतरवून घेत होते. एक यादी निघाली — 'मंजुरीसाठी थांबलेले'. जाहिराती वगळून त्रेसष्ट!
अरे देवा! नियम लावला, आणि थांबलेलं दाखवणारं पानच केलं नाही. महिनाभर मीच दाराला कडी लावून बसले होते. अंगण माझंच वाकडं. वाचायला भीती वाटतेय.

६ डिसेंबर
बहुतेक सगळी बाबाजानचाचांचीच. पहिलं आठ तारखेचं: "पानी खळखळ उकळल्याबिगर शेंगोळे सोडायचे न्हाईत, पोरी. आमच्या घरचे डब्यात आनतो, बाजारच्या दिशी. दुकानाचा पत्ता पारावर हाय."

शेवटचं, अठ्ठावीसचं: "दोन एसट्या बदलून दोनदा आलो. तुजं उत्तर न्हवतं, म्हनून नाव सांगितलं न्हाई. वाट सोडा म्हनलीस. सोडली."

सकाळी पाणी खळखळ उकळून शेंगोळे केले. तीनच फुटले. दुकान बंद. डबा फडक्यात बांधलाय. कोल्हारला निघालेय — माझं नाव सांगायला.