रामकलीच्या घराचा रंग

माधवगंज, लष्कर
मार्च १९५७

प्रिय दादा,

“शरयू, तुला आता कुठेही जायचं नाही,” असं तू एकदा म्हणाला होतास. मी बावीस वर्षांची, कुंकू पुसून सासरहून परत आलेली, आणि तू टांग्यातून माझी ट्रंक उतरवत होतास. किती मायेनं म्हणालास. मी खरंच कुठे गेले नाही. देऊळ, भाजीबाजार, घर, यात चाळिशी उलटली. आता राजधानीच इथून भोपाळला गेली, तिच्यामागे तुझी कचेरी गेली, तुम्ही सगळे गेलात. तुझ्या प्रत्येक पत्रात तेच असतं: मागची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे, एकटी किती दिवस राहशील, कधी येतेस. उत्तर लांबलं, कारण मी टेकडीवर जात होते.

आपल्या गच्चीवरून दिसते ती रंगरेजांची टेकडी. दरबारच्या पगड्या तिथे रंगत, हे आपले नाना सांगायचे, पण आपल्यापैकी कुणी वर गेल्याचं मला आठवत नाही. पगड्याच खाली येत. तू गेल्यावर कपाटात तुझा डबा-कॅमेरा सापडला, आत अर्धी फिल्म तशीच. ती वाया जाऊ नये एवढ्याच विचारानं निघाले. गळ्यात कॅमेरा, पायांत तुझे जुने कॅनव्हासचे बूट. आपल्याच गावात मी परगावची प्रवासी दिसत असणार.

दादा, वर काय आहे म्हणून सांगू. घरावर घर चढलेलं. एक गुलाबी, त्याच्या डोक्यावर पोपटी, त्याला टेकून जांभळं. संस्थान विलीन झालं, पगड्या कुणी मागेना, तेव्हा उरलेला रंग त्यांनी चुन्यात कालवून भिंतींना दिला. रामकली नावाची माझ्याच वयाची बाई आहे, तिचं घर भडक केशरी. मी कारण विचारलं तर म्हणाली, “राजा गओ तो गओ, बाईसाब. रंग कुएँ में फेंक देते का?” मी फिल्म संपेपर्यंत फोटो काढले.

पडाव भागात सदाशिवरावांचा स्टुडिओ आहे, तिथे ते धुऊन घेतले आणि मोठ्या ऐटीत वर नेले. रामकलीनं आपल्या घराचा फोटो उलटसुलट करून पाहिला. “जे मेरो घर है? बरसात में बह गओ का?” सगळी गल्ली हसली. त्या रंगांच्या नादात मी विसरूनच गेले होते की या कॅमेऱ्याला काळं-पांढरंच दिसतं.

तिनं मला ओट्यावर बसवलं, बशीत केशरी रंग पातळ केला, काडीला कापूस गुंडाळून माझ्या हातात दिला. “अब भरो.” दादा, गेली वीस वर्षं मी रांगोळीसुद्धा पांढरीच काढली आहे. पहिल्या फोटोतलं घर शेंदूर फासलेल्या मारुतीसारखं झालं. दुसरं बिघडलं. तिसरा फोटो घेऊन रामकली आत गेली आणि देवाशेजारी ठेवून आली.

बोटं रंगलेलीच राहिली. देवळात शांताताईंनी पाहिली आणि म्हणाल्या, “काय शरयू, होळीला अजून अवकाश आहे ना?” एरवी मी पदराखाली हात लपवला असता. त्या दिवशी त्याच हातानं तीर्थ घेतलं.

पुढचे रंगवलेले फोटो सदाशिवरावांनी पाहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. म्हणाले, “बाई, आमच्या धंद्याला पडद्यानं मारलंय. सरदारांच्या सुना पुरुषासमोर बसत नाहीत. तुम्ही फोटो काढाल का? रंगही तुम्हीच भरा.” मी विचार करून सांगते म्हणायला हवं होतं, पण तोंडातून एकदम हो निघालं. पहिल्या घरी तीन सुना नटून बसल्या होत्या. सासूबाई सगळ्यांना बाजूला सारून म्हणाल्या, आधी माझा. शालूचा रंग कोणता ते मी लिहून घेऊ लागले, तर म्हणाल्या, शालू असू दे जुना, फोटोत नवा कर. या महिन्यापासून घरभाडं मी भरते आहे. तेव्हा तू मनीऑर्डर पाठवू नकोस, आणि मी भोपाळला येत नाही.

पण एवढंच सांगायला पत्र लिहिलेलं नाही. तुझी पद्मा मॅट्रिक झाली आणि वहिनीनं स्थळं पाहायला घेतली, असं भोपाळहून आलेल्या सुमनताईंकडून कळलं. मुलगी सतराची आहे, दादा. कॉलेजचं नाव काढलं की वहिनी विषय बदलते, हेही कळलं. तिला माझ्याकडे पाठव. इथल्या कॉलेजात दोन वर्षं शिकेल, खर्च माझा. विधवा आत्या, हातात कॅमेरा, टेकडीवर येणंजाणं, अशा घरात तरणी मुलगी ठेवायची कशी, हे तू लिहिशील. तुझ्या अक्षरात मला ते आत्ताच दिसतं आहे. तू नाहीच म्हणणार. तरी विचारते. पद्माला माझ्याकडे राहू देशील का?

तुझीच,
शरयू