पान चौदावरची खूण

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

पार्सलात तीन फायली आहेत. हे पत्र मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आहे, म्हणजे तुम्ही आधी पुतणीची खबर घ्याल आणि मग लोकांच्या घरांची. तुमचं बोट अजून दुखतं का? चार महिने झाले, तुमची पत्रं काकूच्या अक्षरात येतात. तिचं अक्षर सुरेख आहे, पण तुमच्या गिचमिडीतून अर्थ काढण्याची मजा त्यात नाही.

बँकेचा वार्षिक फॉर्म आला. यंदा बारा पानी आहे. विमा चालू आहे का, कुणाची तक्रार आली का, गहाणखत नोंदवायला किती दिवस लागले, ऑफिसात वकील किती. तुम्ही शहर सोडून ऑफिस माझ्या गळ्यात घातलंत, पण पाटीवर आणि फॉर्मवर तुमचं नाव आहे म्हणून आपण दोघे. एकट्या वकिलाचं ऑफिस ही बँक पॅनलवर ठेवत नाही. आपल्या दहा फायलींतल्या आठ तिच्याकडून येतात, तेव्हा पॅनल गेलं की मी आणि टाइपिस्ट बाई दोघींनी खुर्च्या उलट्या करायच्या. एक मार्चला बँकेच्या बाई येऊन फायली तपासणार आहेत.

आता खरी गोष्ट. मागच्या पार्सलातल्या जिन्याच्या घराच्या फाइलमध्ये पान चौदा भलत्याच घराचं होतं. चतुःसीमेचं पान, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते. ते मीच चुकून लावलं, कबूल. पण त्याच्या कोपऱ्यात तुमची पेन्सिलीची बरोबरची खूण आहे! बँकेची प्रत टाचताना माझं लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर कर्ज एका घरावर आणि गहाण दुसरंच. स्वल्पविराम चुकला तरी फाइल परत पाठवणारे तुम्ही. मला पकडायला मुद्दाम खूण केलीत का? खरं सांगा, राग नाही, नुसतं कुतूहल आहे.

बोटाला जपा, आणि आमच्यावर ओरडायला तब्येत राखा.

आपली,
भिंगरी

—

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बोट आहे तसंच आहे. पेन्सिल धरता येते, पेन धरवत नाही. म्हाताऱ्या हाडांच्या खोडीला उत्तर नसतं.

पान चौदाचं म्हणशील तर तू झोपलीस की जागी आहेस हे पाहायला नको का? जागी आहेस, आनंद आहे. यापुढे पानं लावताना टाइपिस्ट बाईंशी गप्पा कमी.

फॉर्म भरताना एक लक्षात ठेव, तुला शंभरदा सांगितलं आहे. आपलं वाईट बँकेला आपल्याच तोंडून कळलं पाहिजे, आणि आधी कळलं पाहिजे. चूक केलेला वकील बँक एखाद्या वेळी ठेवते, लपवणारा ठेवत नाही. आपल्या वरच्या मजल्यावरच्या त्या टोचऱ्या वकिलाला, टाचणीला, हे फार छान जमतं, फक्त तो स्वतःऐवजी दुसऱ्यांच्या चुका सांगतो. वीस वर्षांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्याने माझ्या अहवालातली चूक काढली. चूक होती, पण व्हरांडा कशाला हवा होता?

तीन फायली पाहून परत पाठवल्या आहेत. जेवण वेळेवर कर.

तुझा,
काका

—

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

हे माझं स्वतःचं पत्र, यांना न सांगता टाकते आहे. चाळीस वर्षं वकिलाच्या घरात काढली, पण हे पॅनल म्हणजे नक्की काय ते मला कुणी सांगितलं नाही. बँकेला तुम्ही आवडता की नाही हे कोण ठरवतं? एकदा आवडलात की दरवर्षी पुन्हा का विचारतात? आणि घर घेणारा माणूस तुला फी देतो, मग त्याचं गुपित तू बँकेला का सांगायचं? ही चहाडी नाही का?

आणखी एक. ते निळ्या दाराचं घर आहे ना, त्याच्या उत्तरेला जुन्या कागदात विहीर आहे आणि नव्यात गल्ली. विहीर गेली कुठे? बुजवली असेल तर परवानगी घेतली होती का? मला रात्रभर चैन पडलं नाही.

तुझा स्वेटर अर्धा झाला आहे. बाह्या लांब हव्यात की आखूड, कळव.

तुझी,
काकू

—

१५ फेब्रुवारी

प्रिय काकूस,
सा. न. वि. वि.

बाह्या लांब. आता तुझे प्रश्न.

पॅनल म्हणजे बँकेची विश्वासातल्या वकिलांची यादी. बँक घर पाहायला जात नाही, आमच्या डोळ्यांनी पाहते. म्हणून ती दरवर्षी आमचेच डोळे तपासते. फायली फार थोड्या झाल्या, विमा संपला, ऑफिसातला वकील कमी झाला आणि आम्ही कळवलं नाही, की नाव कट. घर घेणारा आमचा तसाच बँकही आमचीच, त्यामुळे एकाचं कर्जाशी संबंध असलेलं गुपित दुसऱ्यापासून ठेवता येत नाही. हे गिऱ्हाइकाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणून चहाडी नाही. आणि प्रत्येक अहवाल दोन वकिलांनी स्वतः वाचायचा. फॉर्मवर सातवा प्रश्न तोच आहे. त्याखाली मला अठ्ठावीस तारखेपर्यंत सही करायची आहे.

विहीर परवानगी घेऊनच बुजवली, कागद मिळाला. पण तू विचारलंस म्हणून मी तो शोधायला गेले. काकांनी त्या पानावर नुसती खूण केली होती.

तर आता माझा प्रश्न. विहीर त्या फाइलच्या नवव्या पानाखेरीज कुठेही नाही. तुला कशी दिसली?

काकू, मी रागावणार नाही. पण सातव्या प्रश्नाखाली खोटी सही केली तर ऑफिस जाईल, आणि खरी सही कशी करायची ते मला कळत नाही. जे असेल ते लिही.

तुझीच,
भिंगरी

—

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

बोटाला काही झालेलं नाही. डोळे गेले आहेत गं. गेल्या वर्षापासून. मधलं काहीच दिसत नाही, फक्त कडा दिसतात. माझ्याकडे बघायचं तर दाराकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवा. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. म्हणाले, पोरीचं ऑफिस माझ्या नावावर उभं आहे.

दुपारी जेवणं आटोपली की मी फाइल वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात, मध्येच थांबवतात, पुन्हा वाचायला लावतात. मग मी पान त्यांच्या हातात देते, ते कोपरा चाचपून खूण करतात. अशा तेवीस फायली झाल्या. मला त्यात गोडी लागली, हेही खरंच सांगते. लोकांची घरं, भांडणं, वाटण्या. मी वाचायला नको होत्या, पण वाचल्या.

आणि पान चौदा माझं पाप आहे. त्या दुपारची तिसरी फाइल होती, डोकं दुखत होतं. पुन्हा तीच पूर्व-पश्चिम बघून कंटाळा आला. चतुःसीमा, सगळं बरोबर, असं म्हणून मी पान न वाचताच त्यांच्या हातात दिलं. त्यांना ठाऊक नाही. तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं, आणि तुला उत्तर सांगताना ते थट्टा करत होते. ती थट्टा मी मुकाट्याने लिहून घेतली.

आज संध्याकाळी डोळ्यांचं तुला कळवलं असं त्यांना सांगणार आहे. पानाचं सांगायला जीभ उचलत नाही.

तुझी,
काकू

—

५ मार्च

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

काकू, हे पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाच.

तुमच्या डोळ्यांचं कळल्यावर मी आधी रडले आणि मग तुमच्यावर चिडले. तोच क्रम अजून चालू आहे. मग तेवीस फायली काढल्या आणि जिना चढून टाचणींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं की कधी सुरू करायचं. सहा दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून वाचत होतो. तेवीस फायलींत चुकीचं पान एकच निघालं, तेच चौदावं. वाचन संपल्यावर ते म्हणाले की तुझ्या काकूंना हवं असेल तर माझ्याकडे वाचनाचं काम आहे. व्हरांड्याबद्दलही काहीतरी म्हणाले, पण ते तुमच्याशीच बोलणार आहेत.

सातव्या प्रश्नाखाली मी ‘नाही’ असं उत्तर लिहिलं, सोबत सगळी हकिगत जोडली आणि फॉर्म पाठवून दिला. एक तारखेला बँकेच्या बाई आल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तुमचं पत्र! वीस तारखेचं, माझ्या आधी पोचलेलं. डोळे, काकूचं वाचन, तेवीस घरांची यादी, आणि माझं नाव तुमच्या जबाबदारीपासून वेगळं काढावं ही विनंती. बाई म्हणाल्या की एकाच ऑफिसातून एकाच चुकीची दोन पत्रं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

सहा महिने आपण नजरेखाली आहोत. प्रत्येक अहवाल टाचणी वाचणार, पाटीवर तुमच्या जागी त्यांचं नाव येणार. पण पॅनलवर आहोत. टाइपिस्ट बाईंनी खुर्ची पुसली आणि कामाला बसल्या.

पान चौदा काकूने वगळलं होतं, हे तुमच्या पत्रात नाही. तिने ते मला लिहिलं आहे. काकू, क्षमा कर, पण दुसऱ्यांदा लपवालपवी नको. फक्त एक कोडं सुटत नाही. काका, तुम्हाला फाइलचं पान न पान पाठ असतं. मग तुम्हाला कळलं कसं नाही?

पाटी काढून ठेवली आहे, पुसून. ती तुमची आहे, न्यायला या.

आपली,
भिंगरी

—

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकूने वाचून दाखवलं. शेवटचा भागही तिने पुरा वाचला. आता ती लिहिते आहे आणि मी सांगतो आहे.

मला कळलं होतं. चतुःसीमेचं पान वाचायला तिला तीन मिनिटं लागतात. त्या दुपारी चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तिने वाचलं नाही हे मला त्याच क्षणी समजलं, आणि तरी मी खूण केली. पुन्हा वाच म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, बास झालं आता, पोरीला सांगून टाकू. त्याची मला भीती वाटली. पाटीवरून नाव उतरेल याची भीती. तुझ्या ऑफिसची काळजी हे मी स्वतःला सांगत असलेलं कारण होतं.

तिने कंटाळ्याने एक पान सोडलं. मी जाणूनबुजून खूण केली. बँकेला लिहिताना एवढंच मी गाळलं, तेव्हा आज त्यांना दुसरं पत्र जात आहे. त्याने आपली जागा डळमळली तर दोष माझा, पण तुला आधी कळवतो. ते माझंच सांगणं आहे.

इथे तुझी काकू लिहायची थांबली आहे. मी वाट पाहतो आहे. आता पुढे सांगा म्हणते.

टाचणीला सांग, व्हरांड्यात माझी चूक काढल्याबद्दल आभार. वीस वर्षं उशीर झाला. पाटी न्यायला पुढच्या आठवड्यात येतो. जिन्यावर कुणाचा तरी हात लागेल.

फायली गेल्या तरी तुझी पत्रं येऊ देत, माया आहे तशीच ठेव.

तुझा,
काका

ता. क. भिंगरी, यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं आहे. एकही ओळ वगळलेली नाही. — काकू