विश्वेश्वरअण्णांचं बोट, माझी साखर

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चार महिने झाले, लिहिण्यासारखं प्रथमच काही घडतंय. काल डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या, खंडोजीराव, तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ८.९ टक्के आहे, आता इन्सुलिन सुरू करू या, रोज एक इंजेक्शन, पोटात. मी म्हणालो, विचार करून सांगतो. केबिनच्या दारापर्यंत पोहोचायच्या आत विचार झाला. सुई नाही म्हणजे नाही. मी घाबरत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर
मार्ग सापडला. त्याच हॉस्पिटलात नव्या गोळीची ट्रायल सुरू होतेय. बारा आठवडे, नेहमीच्या औषधांबरोबर रोज एक गोळी. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना नुसती पिठाची. कोणाला कोणती हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. शेवटी सरासरी साडेसातच्या खाली आली तर इन्सुलिन टळलं. मध्येच साखर फार चढली तर ट्रायल बंद आणि लगेच इन्सुलिन. संमतीचा फॉर्म बावीस पानांचा. ३३ वर्षं सरकारी सर्व्हे खात्यात काढलेला माणूस फॉर्म वाचत नाही, सही करतो.

३ सप्टेंबर
तपासणीसाठी रक्त काढलं. मी धीराने छताकडे पाहिलं. ट्रायलचं काम बघणारी चंदना म्हणाली, अंकल, संपलं, आता माझा हात सोडा. तिने लिंबू सरबत दिलं. गरज नव्हती, तिचा मान राखायला दोन ग्लास घेतलं. सोबत गोळ्या, साखर मोजायचं मशीन आणि एक डायरी मिळाली. रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचायचं आणि आकडा लिहायचा. टोचायचं असतं हे आधी कोणी बोललं नव्हतं. बावीस पानांत असेल.

४ सप्टेंबर
६.०० गोळी घेतली. कडू. पीठ कडू नसतं. म्हणजे मला खरी मिळालीय.
६.१५ टोचायला बसलो.
६.४० बसलोय.
७.०५ बायकोने, सोयराने, विचारलं, काय चाललंय. म्हणालो, मशीनचं पुस्तक वाचतोय.
७.३० उद्या दोनदा टोचू.

५ सप्टेंबर
समोरच्या फ्लॅटमधले विश्वेश्वरअण्णा पेपर मागायला आले. रोज बेंगळुरूच्या लालबागेत पाच किलोमीटर पळणारा माणूस. मशीन दिसताच त्यांनी आपणहून बोट पुढे केलं, स्वल्प, म्हणजे जरा, माझंही बघा म्हणाले. ९१.
आणि मला सुचलं. ३३ वर्षं मी काय केलं? सॅम्पल सर्व्हे. गावातलं प्रत्येक घर कोणी मोजत नाही. एक घर नीट धरायचं, शेजारचं साधारण तसंच. इथे तर बिल्डिंग एक, टाकी एक, दूधवाला एक. फरक असून असून किती असणार? ट्रायलच्या डायरीत ९१ लिहिलं. दोन-चार पॉइंट इकडेतिकडे करता आले असते, पण आकड्यांत फेरफार मी नोकरीतही केला नाही.

१८ सप्टेंबर
पहिली व्हिजिट. चंदनाने मशीनमधले आकडे डायरीशी पडताळले. एकही चूक नाही. म्हणाली, अंकल, सुपर, बाकीचे पेशंट निम्मे दिवस विसरतात. रोज नव्वदच्या आसपास, म्हणजे गोळी जबरदस्त आहे. येताना बेण्णे डोसा खाल्ला. बसवनगुडीत राहून लोण्याला नाही म्हणायचं, तर पार शहराच्या टोकाला येलहंक्याला राहायला काय हरकत आहे?

२ ऑक्टोबर, दसरा
सोयराने होळिगे केली, म्हणजे इथली पुरणपोळी. मी चार खाल्ल्या.

३ ऑक्टोबर
सकाळी आकडा ८८. विश्वेश्वरअण्णांनी होळिगेला हातही लावला नव्हता. तरीही ८८. याचा अर्थ होळिगेचा साखरेवर काही परिणाम होत नाही. वैद्यकशास्त्राने याची नोंद घ्यायला हवी.

११ ऑक्टोबर
वजन चार किलो उतरलं. व्यायाम न करता. पँट नाडीने बांधावी लागते. तहान मात्र फार लागते. बेंगळुरूची हवा पूर्वीसारखी राहिली नाही.
सोयरा म्हणाली, एकदा तुमचंच बोट टोचून बघा की. तिला सांख्यिकी समजावून सांगितली. अर्ध्यावरच ती कुकर लावायला गेली.

२३ ऑक्टोबर
वजन उतरल्याच्या आनंदात नवे बूट घेतले. सायंकाळी सोयराने मोजा दाखवला, टाचेकडे रक्त. केवढा फोड फुटलाय, दुखत नाही का, म्हणाली. अजिबात नाही. सहनशक्ती वाढलीय. गोळीचा जादा फायदा म्हणून डायरीत लिहावं का, याचा विचार करतोय. तिने हळद लावली. डॉक्टरांना दाखवा म्हणाली. व्हिजिट आहेच महिन्याभरात.

३ नोव्हेंबर
संकट. विश्वेश्वरअण्णा आठवडाभर मुलीकडे चाललेत. येलहंक्याला. तळमजल्यावरच्या मंजुनाथला बोट मागितलं, तो हसला आणि दार लावून घेतलं. तसंही ऐन सर्व्हेत सॅम्पल बदलणं शास्त्रशुद्ध नाही.

४ नोव्हेंबर
पहाटे पाचला निघालो. दोन बस. पावणेसातला येलहंका. अण्णा उपाशीपोटी गेटवर उभे होते, देवमाणूस. ८९. परतीला ट्रॅफिक, घरी यायला साडेनऊ. सोयराने विचारलं, एका सुईसाठी साडेचार तास? म्हटलं, प्रश्न सुईचा नाहीच, सातत्याचा आहे.

७ नोव्हेंबर
येलहंका, चौथा दिवस. अण्णांच्या मुलीने विचारलं, अंकल, तुम्हाला नेमकं काय झालंय? अण्णा मध्ये पडून म्हणाले, त्यांची ट्रायल चालू आहे गं. मग त्यांनी मला बोटं दाखवली. सगळ्या टोकांना काळे ठिपके. चमचा धरताना टोचतं म्हणाले. आता फक्त अडीच आठवडे, असा मी त्यांना धीर दिला. सरी सरी, ठीक आहे, म्हणाले. परत येताना बसमध्ये दोनदा झोप लागली, दुसऱ्यांदा स्टॉप हुकला. डोळ्यांपुढे थोडं धूसर दिसतं. पावसाळी हवा.

२४ नोव्हेंबर
शेवटची व्हिजिट. चंदनाने रक्त काढलं. मी फक्त एकदाच ओरडलो. निकाल परवा. भाषण मनात तयार आहे, हे यश माझं एकट्याचं नाही वगैरे. अण्णांचं नाव घ्यावं की नाही, ठरत नाही.

२६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००
लिहायचा कंटाळा आलाय, पण लिहितो.
सरासरी ११.८.
डॉ. प्रियदर्शनींनी आधी मशीन तपासलं. मशीन ठीक. मग लॅबला फोन केला. लॅबही ठीक. मग चंदनाने टोचायची सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, अंकल, आता आमच्यासमोर करा, रोज करता तसं. मी रोज करतो तसं शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा हात धरला.
तो ईसीजी काढायला आला होता.
सगळं सांगावं लागलं. येलहंकाही. चंदना हसेल असं वाटलं होतं. तिने डायरी मिटून बाजूला ठेवली. मग तिने माझं बोट धरून टोचलं. ३१८.
डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, तुम्ही स्वतःचं बोट टोचलं असतं तर दुसऱ्या आठवड्यातच आम्ही हे थांबवलं असतं, ती सोय तुमच्यासाठीच होती. नंतर त्यांनी टाच पाहिली. बराच वेळ पाहिली. एक बारीक तार तळव्याला लावून, डोळे मिटा आणि कळलं की सांगा, म्हणाल्या. मी वाट बघत होतो. थोड्या वेळाने म्हणाल्या, उघडा डोळे, दहा ठिकाणी लावून झाली. जखम साफ करून बांधली. पाय वाचेल म्हणाल्या, पण साखर आजपासून उतरली पाहिजे. पाय जाऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.
माझे आकडे ट्रायलमध्ये धरणार नाहीत. गोळी खरी होती का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आता त्याने काय फरक पडतो?
इन्सुलिन लिहून दिलंय. सकाळ-संध्याकाळ.

२७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५
काल संध्याकाळी इन्सुलिन आणायचं राहिलं. सोयराला म्हणालो, मेडिकल दहाशिवाय उघडत नाही, आजचा दिवस जाऊ दे.
 फ्रिज उघडून तिने कोथिंबिरीच्या डब्यामागून एक छोटा डबा काढला. त्यात इन्सुलिनचं पेन. कुणाचं, विचारलं. माझं, म्हणाली, सव्वादोन वर्षं झाली. तुम्ही बाहेर पेपर वाचत असता तेव्हा घेते. हे तुम्हाला चालणार नाही, ज्याचं त्याने वापरायचं असतं, पण कसं घ्यायचं ते बघून ठेवा.
गॅसवर दूध होतं. तिने पदर जरा सरकवला, टोचलं, तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजलं, सुई काढून टाकली आणि दूध वर यायच्या आत गॅस बंद केला.
मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगणार होते. पण तेव्हा तुम्हाला रिटायरमेंटचं टेन्शन होतं, मग तुमच्या साखरेचं आलं, मग ही ट्रायल. मध्ये जागाच झाली नाही.

७.४०
चपला घातल्या. मेडिकल कोपऱ्यावरच आहे. चोवीस तास उघडं असतं.